सोलापुरातला रविवारचा कविता क्लास: फी वसूल झाली, तरी काही गोष्टी सुधारायला हव्यात

नवी पेठेच्या मागच्या गल्लीत एका जुन्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी सकाळी 10 ते 12 कविता वाचायचा क्लास चालतो. दोन महिन्यांची बॅच, फी 600 रुपये, झेरॉक्स त्यातच. माझी बॅच आत्ताच संपली आणि तेव्हापासून ऑफिसात, सोसायटीत, माहेरी सगळे विचारायलेत की तिथं नेमकं करतात काय, पोराला पाठवू का, मराठी मीडियमच लागतं का, म्हणून म्हटलं एकदाच सगळं नीट लिहावं. मला क्लास मनापासून आवडला, पुढच्या बॅचला पण नाव घातलंय, पण ज्या गोष्टी खटकल्या त्या पण लिहिल्यात कारण असे क्लास टिकायचे तर कुणीतरी सांगायला पाहिजे.

पहिलं म्हणजे कविता करायला शिकवणारा हा क्लास नाहीये. स्वतःच्या कवितांची वही घेऊन आलेला एक मुलगा लगेच यायचा बंद झाला, त्याला वाटलं होतं आपल्या कविता तपासून मिळतील. इथं दुसऱ्यांच्या कविता वाचायच्या, हळूहळू वाचायच्या, आणि ती कविता माणसाच्या जगण्याबद्दल जे सांगते ते कशाच्या जोरावर सांगते हे शोधायचं. दहावीच्या पेपरला कवितेवर प्रश्न असतात त्यासाठी लेकरांना पाठवणार असाल तर गाईडसारखी तयार उत्तरं मिळणार नाहीत. माझी मुलगी अधूनमधून सोबत बसली, तिला आता कविता बघून टेन्शन येत नाही, माझ्या मते हा फायदा मार्कांपेक्षा मोठा आहे.

सरांची पद्धत अशी की ते कविता आधी मोठ्यानं वाचतात, मग आपल्यातलं कुणीतरी वाचतं, आणि तोपर्यंत ‘कवीला काय म्हणायचंय’ हे कुणी तोंडातून काढायचं नाही. फळ्यावर साधे प्रश्न असतात. कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, डोळ्यापुढं काय येतंय, कानाला काय ऐकू येतंय, कविता कुठं वळतीय. बस. आम्ही शाळेत आधी भावार्थ पाठ केला आणि मग ‘अलंकार ओळखा’ आलं की उपमा किंवा दृष्टान्त लिहून एक मार्क घेतला, पण तो दृष्टान्त तिथं काय काम करतोय, तो काढून टाकला तर कवितेचं काय होईल हे आम्हाला कुणी कधी विचारलंच नव्हतं, आणि इथं दोन महिने तेवढंच विचारतात.

सुरुवात सरांनी चोखोबांपासून केली. चोखोबांचं मंगळवेढा आपल्याच जिल्ह्यातलं, त्यामुळं अभंग सगळ्यांच्या कानावरचा, रेडिओवर ऐकून ऐकून पाठ. ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा। काय भुललासी वरलिया रंगा॥’ इतका पाठ की त्याच्याकडं बघायचंच राहून गेलेलं. सरांनी सांगितलं, यातल्या वस्तू फक्त ओळीनं लिहून काढा. लिहिल्या. ऊस, मग कमान, मग नदी. ऊस वाकडा असला तरी रस वाकडा नसतो, कमान वाकडी असली तरी तीर सरळ जातो, नदी वाकडी असली तरी पाणी वाकडं नसतं. आता यातल्या कुठल्याही गोष्टीला कोण नाही म्हणेल? आपल्याकडं तर ऊस बघितला नाही असा माणूस नाही, आणि पंढरपूरच्या ताई लगेच म्हणाल्या, आमची नदी तर वाकडी आहे म्हणूनच चंद्रभागा. म्हणजे तीन वेळा आपण मान डोलावून बसतो.

आणि मग चौथी ओळ येते, ‘चोखा डोंगा परी भाव नोहे डोंगा’.

इथं सरांनी थांबवलं आणि विचारलं, अभंगाच्या शेवटी कवीचं नाव येतं ना, ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ती नाममुद्रा, ती साधारण सहीसारखी असते, मग इथं चोखोबांनी काय केलंय बघा. त्यांनी सहीच्या जागी स्वतःला त्या रांगेत उभं केलंय. ऊस, कमान, नदी, चोखा. ज्या माणसाला देवळात पाऊल ठेवू देत नव्हते तो माणूस तुमच्याकडून आधी तीन गोष्टी कबूल करून घेतो आणि मगच स्वतःचं नाव पुढं करतो, आता तुम्ही नाही म्हणूच शकत नाही कारण नियम तुम्हीच मान्य केलाय. मी हे ऐकून अक्षरशः सरळ बसले. ध्रुपदाचं, म्हणजे परत परत येणाऱ्या ओळीचं पण तसंच आहे. ‘वरलिया रंगा’ पहिल्यांदा येतं तेव्हा तो उसाच्या सालीचा रंग वाटतो, दरवेळी ते परत येतं, आणि शेवटी चोखोबांच्या नावानंतर आलं की तो रंग माणसाचा झालेला असतो आणि तो प्रश्न आपल्याला विचारलेला असतो. अख्ख्या अभंगात कुठं शिवी नाही, आरडाओरडा नाही, फक्त एक ठरलेला आकार आणि परत परत येणारा एक प्रश्न. मग सरांनी मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम, 1338 मध्ये पडलेली ती भिंत, आणि पंढरपुरात महाद्वाराशी नामदेव पायरीजवळची समाधी हे सगळं सांगितलं, पण ते शेवटी. आधी आपण कविता वाचलेली असते, म्हणून चरित्र ऐकताना ते नुसती माहिती राहत नाही.

एवढा एक रविवार जरी कुणी बसलं तरी फी वसूल आहे असं माझं प्रामाणिक मत आहे.

दुसरा मला आवडलेला दिवस बालकवींच्या ‘औदुंबर’चा. आठच ओळींची कविता. सरांनी झेरॉक्स दिली आणि सोबत स्केचपेन, म्हणाले यात जे रंग येतात ते त्या त्या शब्दाखाली भरा. मोठी माणसं रंग भरत बसलेली, सिव्हिलमधनं रिटायर झालेल्या सिस्टर, बँकेतले एक काका, बी.ए.ची पोरं, सगळे. झाल्यावर कागद हातात लांब धरून बघायला सांगितलं. वरच्या बाजूला हिरवा आणि निळासावळा, मधे हिरव्यातनं जाणारी पांढरी पायवाट, आणि खाली आलं की काळा डोह, त्याच्यावर काळिमा. रंग उतरत उतरत काळ्यापाशी येतात. नजर पण तशीच जाते, आधी दोन्ही तट, मग पलीकडं टेकडीकडचं चिमुकलं गाव, मग शेतं, मग एकच वाट, मग एकच डोह, आणि शेवटी एकच झाड. लांबून सुरुवात करून कविता आपल्याला जवळ जवळ नेत एका जागी आणून सोडते.

मग सरांनी विचारलं, यात माणसं किती आहेत? सगळ्यांनी परत वाचलं. एकही नाही. गाव आहे, मळे आहेत, वाट आहे, पण माणूस एक पण नाही. पाय आहेत ते फक्त झाडाला, ‘पाय टाकुनी जळांत बसला’. वर्गात एकदम शांतता झाली आणि मग जी चर्चा सुरू झाली ती साडेबारापर्यंत. सिस्टर म्हणाल्या, तो औदुंबर निवांत आहे, सगळं बघून झालेलं आहे त्याचं, मी अशी म्हातारी माणसं वॉर्डात बघितलीत ज्यांना कशाची भीती उरलेली नसते. बी.ए.च्या एका मुलीला तो भीतीदायक वाटला, तिचं म्हणणं वाट काळ्या डोहाकडंच चाललीय आणि त्या वाटेवर आपल्याशिवाय दुसरं कुणी नाही. सरांनी कुणालाच चूक म्हटलं नाही, पण दोघींना ओळ दाखवायला लावली, तुम्हाला निवांतपणा कुठल्या शब्दात दिसला, तुला भीती कुठं वाटली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण ‘कवितेत प्रत्येकाचा अर्थ वेगळा’ असं म्हणून सोडून देणारे खूप भेटतात, इथं वेगळा अर्थ चालतो पण तो कागदावर दाखवावा लागतो. बालकवी 1918 मध्ये भादलीच्या स्टेशनवर रेल्वेखाली गेले, तिशी सुद्धा गाठली नव्हती, हे सरांनी चर्चा संपल्यावरच सांगितलं, आधी सांगितलं असतं तर आम्ही सगळ्यांनी तेच कवितेत शोधत बसलो असतो.

बहिणाबाईंच्या ‘अरे संसार संसार’ला काय नवीन असणार असं वाटत होतं. ‘आधी हाताला चटके तंव्हा मिळते भाकर’ हे तर आमच्या घराघरातलं, ज्वारीची भाकरी थापणाऱ्या बाईला ते समजावून सांगायची गरज नाही. पण सरांनी विचारलं, तव्याची उपमा एवढी फिट्ट बसली होती तर बाई तिथंच का थांबल्या नाहीत? आणि खरंच, पुढं बघा, देवळाचा कळस येतो त्याला लोटा म्हणू नको, गळ्यातला हार येतो त्याला लोढणं म्हणू नको, मग खिरा येतो, टोकाला कडू बाकी गोड, मग बिबा, मग वरून काटे आणि आत सागरगोटे अशी शेंग. एकामागं एक. माझ्या शेजारच्या वहिनी, ज्या बॅचभर फारसं बोलल्या नाहीत, त्या म्हणाल्या, एकानं भागत नाही म्हणून. रोज संसार वेगळा असतो. मला वाटतं या कवितेवर याच्यापेक्षा चांगलं कुणी काय बोलणार. तव्याच्या चटक्यावरच थांबल्या असत्या तर कविता रडगाणं झाली असती आणि नुसत्या कळसावर थांबल्या असत्या तर उपदेश झाला असता, एकीवरून दुसरीवर उड्या मारण्यातच त्या बाईचं जगणं आलंय.

मर्ढेकरांच्या दिवशी थोडी धाकधूक होती, नाव ऐकूनच लोक घाबरतात. ‘पिपांत मेले ओल्या उंदिर, माना पडल्या, मुरगळल्याविण’. सरांनी अर्थाकडं जाऊच दिलं नाही, टेबलावर ठेका धरायला लावला. आठ मात्रा, परत आठ मात्रा, दर ओळीला तसंच, अगदी कहरवा तालात बसतं. आमच्यात पूर्व भागातला एक तरुण आहे, घरी तेलुगू बोलतात, भावासोबत यंत्रमाग चालवतो, तो ठेका धरता धरता म्हणाला, ‘सर, हे आमच्या मागासारखंच चालायलंय की, एक धागा तुटला तरी थांबत नाही.’ आणि ते इतकं बरोबर होतं. मेलेल्यांबद्दल कविता चाललीय आणि ठेका एका क्षणाला सुद्धा अडखळत नाही, जगणं आणि मरणं दोन्ही त्याच मशीनच्या चालीत. वर ‘ओल्या’ हा शब्द पिपाचा असून तो उंदराशेजारी नेऊन ठेवलाय, म्हणजे ठेका शाबूत आणि वाक्य मोडलेलं. ही कविता ज्यात आहे ते ‘कांही कविता’ 1947 चं, त्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि मर्ढेकर निर्दोष सुटले. आत्ता वाचताना मला अश्लील काहीच वाटलं नाही, अस्वस्थ मात्र नक्की झाले.

आणि आपले सोलापूरचे कवी कुंजविहारी. सोलापूरच्या माणसाला हे नाव माहीत नसेल तर वाईट वाटायला पाहिजे. ‘भेटेन नऊ महिन्यांनी’ ही कविता आमच्या आजोबांच्या पिढीला पाठ असायची म्हणे. फाशी जाणारा मुलगा आईशी बोलतोय. सरांचे तेच प्रश्न, कोण बोलतंय, कुणाशी. उत्तर एवढं सोपं आणि तरी सगळं त्यातच आहे, कारण ‘पुन्हा जन्म घेईन’ हे तो सभेत लोकांना म्हणाला असता तर भाषण झालं असतं, तो आईला सांगतोय, आणि आईला जो हिशेब कळतो त्याच हिशेबात सांगतोय. नऊ महिने. मागावरच्या त्याच तरुणानं हळूच म्हटलं, ‘हा मरायलाय आणि आईला तारीख सांगायलाय.’ त्यानंतर कुणाला पुढं वाचवेना. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून आम्ही रोज गाडीनं जातो, त्यांना फाशी दिली ती 12 जानेवारी 1931 ही तारीख शाळेत पाठ केलेली, पण त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या आया डोळ्यापुढं आल्या. कविता त्या चौघांवर लिहिली असं मी म्हणत नाहीये, पण सोलापुरात बसून ही कविता वाचली की मन तिकडं जाणारच.

आता खटकलेल्या गोष्टी.

सगळ्यात मोठी म्हणजे निवड. चोखोबांपासून सुरुवात केली, इतकं सुंदर शिकवलं, आणि त्यानंतर दलित कवितेचा एक पण रविवार नाही. चोखोबांनी जी गोष्ट इतक्या संयमानं विचारली तीच गोष्ट 1972 मध्ये ‘गोलपिठा’ या कवितासंग्रहात नामदेव ढसाळ कुठल्या भाषेत विचारतात, तिथं तो सुबक आकार का मोडावा लागला, हे शेजारी शेजारी ठेवून वाचलं असतं तर दोन्ही कविता अजून उघडल्या असत्या. मी हे सरांना तोंडावर सांगितलंय, त्यांनी वहीत लिहून घेतलं. बायकांच्या कवितेचं पण तसंच, फक्त बहिणाबाई. संत कान्होपात्रा तर मंगळवेढ्याचीच, ‘हरिणीचे पाडस व्याघ्रे धरियेले’ म्हणताना ती उपमा तिच्यासाठी शोभेची नाहीच, बिदरच्या बादशहाचं बोलावणं आल्याची कथा आठवली की अंगावर काटा येतो, तो अभंग घ्यायलाच हवा होता. मुक्तछंदाला पण एकच दिवस मिळाला आणि तो घाईत गेला, त्यामुळं यमक नसलेली कविता ‘कविता’ कशानं होते हा प्रश्न बऱ्याच जणांच्या मनात तसाच राहिला. माझ्याही.

वेळ पाळत नाहीत. 12 म्हणजे साडेबारा धराच, कधी पाऊण. चर्चा रंगते म्हणून होतं हे मान्य, पण घरी स्वयंपाक टाकून आलेल्या बायका, दुपारच्या शिफ्टला जाणारी माणसं मधूनच उठून जातात आणि बरेचदा शेवटचा भागच महत्त्वाचा असतो. खोलीला दोन पंखे आहेत, मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात वरच्या मजल्यावर काय होतं ते सांगायला नको, पाण्याची बाटली न्या. जिना अरुंद आणि उंच, गुडघेदुखीवाल्यांनी विचार करून जा, सिस्टरांना रोज कुणीतरी हात द्यायचं. झेरॉक्स इतकी पुसट असते की अनुस्वार दिसत नाहीत, आणि मात्रा मोजायच्या म्हटल्यावर अनुस्वार दिसायलाच पाहिजेत, ही तक्रार छोटी वाटेल पण त्या दिवशी अर्धा वर्ग चुकीचं मोजत होता. पार्किंगचं म्हणाल तर नवी पेठेत रविवारी गाडी लावणं अवघडच, पार्क चौकाकडं लावून चालत आलेलं बरं.

कुणी जावं? वृत्त, गण वगैरे येत नसलं तरी बिनधास्त जा, लागेल तेवढं तिथंच शिकवतात. मराठी घरची भाषा नसली तरी अडत नाही, उलट आमच्या बॅचला सगळ्यात जास्त त्या तेलुगू बोलणाऱ्या मुलानंच दिलं. मराठीच्या शिक्षकांनी तर जावंच, आमच्यात एक बाई होत्या, त्यांनी औदुंबरचा स्केचपेनवाला प्रकार त्यांच्या आठवीच्या वर्गावर करून बघितला आणि पोरांनी आपणहून विचारलं म्हणे की बाई हे रंग काळ्याकडं का जायलेत. फक्त छान छान ओळी ऐकून टाळ्या वाजवायच्या असतील तर मात्र कंटाळा येईल, एकेका ओळीवर वीस वीस मिनिटं थांबतात.

पुढची बॅच गणपतीनंतर आहे, वाचनालयाच्या खालच्या फळ्यावर तारीख लिहितील. नाव घालताना ढसाळ आणि कान्होपात्रा हवेत असं तुम्ही पण सांगा, चार जणांनी सांगितलं तर सर नक्की घेतील.